प्याद्याची मात आणि यंत्राची नजर: ग्रँडमास्टरची प्रतिभावान खेळी संगणकाला सापडते का?

१/
१८१४ साली मुंबईत बुद्धिबळावरील एक इंग्रजी पुस्तक छापले गेले. लेखकाचे नाव त्रिवेंगडाचार्य शास्त्री. मूळ ग्रंथ संस्कृतातला, ‘विलासमणिमंजरी’ या सुरेख नावाचा. पुण्यात तेव्हा दुसरा बाजीराव पेशवा गादीवर होता आणि खडकीची लढाई अजून तीन वर्षे दूर होती. पुस्तकाच्या लांबलचक शीर्षकातच त्याचा हेतू सांगितला आहे: युरोपीय पद्धतीच्या खेळाशी जुळवून घेतलेल्या, पटावरील बिकट स्थितींचा हा संग्रह शिकणाऱ्याची प्रगती व्हावी आणि स्मरणशक्तीला व्यायाम मिळावा म्हणून रचलेला आहे.

२/
स्मरणशक्तीला व्यायाम! आज ज्याच्या खिशात फोन आहे त्याच्याजवळ जगज्जेत्यालाही हरवू शकेल असे बुद्धिबळाचे इंजिन आहे, आणि त्या इंजिनाला स्मरणशक्तीची चिंता नाही. म्हणूनच एक प्रश्न वारंवार विचारला जातो: थोर खेळाडूंनी पटावर बसून शोधलेल्या, पाहणाऱ्याला थक्क करणाऱ्या खेळी संगणकाला सापडतात का? उत्तरे बहुधा दोनच मिळतात. एक म्हणते, यंत्राला सगळे सापडते. दुसरे म्हणते, प्रतिभा यंत्राच्या आवाक्याबाहेर आहे. दोन्ही उत्तरे घाईची आहेत. ‘सापडणे’ आणि ‘प्रतिभावान’ या दोन्ही शब्दांचे अर्थ गेल्या दोनशे वर्षांत अनेकदा बदलले, आणि त्या बदलाचा एक धागा थेट महाराष्ट्रातून जातो.

३/
प्रथम देशी खेळाविषयी. आज आपण जे बुद्धिबळ खेळतो ते पेशवाईतले बुद्धिबळ नव्हे. देशी पटावर किल्लेकोट नव्हता. त्याऐवजी शह बसलेला नसेल तर राजाला डावात एकदा घोड्याची उडी मारता येई. प्यादे सामान्यतः एकेकच घर पुढे सरके. ते शेवटच्या ओळीत पोचले की मनाला येईल ते मोहरे मिळत नसे. ज्या उभ्या रांगेत पोचले त्या रांगेचे मूळ मोहरे मिळे. प्रांताप्रांतांत बारीकसारीक फरक होते. हॅरॉल्ड मरे या इंग्रज अभ्यासकाने १९१३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या बुद्धिबळाच्या प्रचंड इतिहासात हे नियम नोंदवले. त्यासाठी त्याने जी साधने वापरली त्यांत विनायक राजाराम टोपे यांचे १८९३ साली पुण्यात निघालेले मराठी पुस्तकही होते.

४/
पण नियमांपेक्षा महत्त्वाची होती अभिरुची. देशी खेळात मात कशी केली याला मोल होते. वजिराने किंवा हत्तीने केलेली मात ही साधी मात. प्याद्याने केलेली मात मानाची. त्यामुळे भारतीय कूटप्रश्नांचा एक मोठा वर्ग सशर्त आहे: अमुक प्याद्याने मात करा, तमुक मोहरे न मारता मात करा. हातात वजीर आहे, दोन खेळ्यांत डाव संपतो. तरीही खेळाडू वजिराला राखून ठेवतो, शत्रूच्या राजाला एकेक घर करत पटभर फिरवतो आणि ज्या घरावर सर्वांत क्षुल्लक प्याद्याचा तिरपा वार बसेल नेमक्या त्याच घरात आणून उभा करतो.

५/
अशी स्थिती आजच्या इंजिनासमोर मांडली तर काय होते? ते वजिराची दोन खेळ्यांतील मात दाखवते आणि थांबते. इथे यंत्र चुकले असे म्हणता येत नाही, कारण त्याला दिलेले काम ‘जिंक, आणि लवकर जिंक’ एवढेच असते. प्याद्याचा मान त्याच्या हिशेबात लिहिलेलाच नाही. ती अट शब्दशः घालता येते. सशर्त कूटप्रश्न सोडवणारे वेगळे प्रोग्राम आहेत आणि ते प्याद्याची मातही निमूटपणे शोधून देतात. मात्र अट कोणती घालायची हे माणसाने आधी ठरवलेले असते. बाजीरावकालीन रसिकाला जी खेळी अप्रतिम वाटली असती, ती आजच्या सर्वशक्तिमान इंजिनाच्या पहिल्या दहा पर्यायांतही कदाचित नसेल.

६/
थोडे आणखी मागे जाऊ. पैठणहून सोळाव्या शतकात काशीला गेलेल्या भट्ट घराण्यात सतराव्या शतकात नीलकंठ भट्ट होऊन गेले. त्यांच्या ‘भगवंतभास्कर’ या धर्मशास्त्रावरील महाग्रंथाचे बारा ‘मयूख’ आहेत. त्यांपैकी राजनीतीवरच्या ‘नीतिमयूखा’त बुद्धिबळाचे प्रकरण येते. (राजाने काय खेळावे हाही राजनीतीचाच विषय!) त्यात घोड्याची फेरी आहे: घोडा पटाच्या चौसष्टही घरांत प्रत्येकी एकदाच जाईल असा मार्ग. ही फेरी श्लोकांत बांधण्याची परंपरा त्याहून जुनी. नवव्या शतकातील काश्मिरी आलंकारिक रुद्रट यांच्या ‘काव्यालंकारा’त ती चित्रकाव्य म्हणून येते.

७/
यंत्राने या फेरीचे काय केले? १८२३ मध्ये वार्न्सडॉर्फ नावाच्या जर्मनाने एक सोपा नियम सांगितला होता: ज्या घरातून पुढे जायला सर्वांत कमी वाटा उरल्या आहेत त्या घरात घोडा आधी न्या. संगणकाला एवढा नियम दिला की तो क्षणार्धात फेरी काढतो. पुढचा प्रश्न आला की सुरुवातीच्या घराशी पुन्हा जुळणाऱ्या अशा बंद फेऱ्या एकूण किती? १९९६ मध्ये दोन संशोधकांनी संगणकाच्या साह्याने एक आकडा जाहीर केला. तो आकडाच त्यांच्या निबंधाचे शीर्षक होता. आणि तो चुकीचा निघाला. पुढच्याच वर्षी ब्रेंडन मॅके यांनी योग्य आकडा दिला: १,३२,६७,३६,४४,१०,५३२.

८/
तेरा लाख कोटींहून अधिक फेऱ्या. यंत्राच्या दृष्टीने त्या सगळ्या सारख्या. पण श्लोकात बसणारी, वृत्त न मोडणारी, पाठ करून सभेत म्हणता येईल अशी एखादीच, आणि ती कोणाला तरी हवी होती म्हणूनच शोधली गेली. शोध आणि मोजदाद यांच्यातला हा फरक पुढच्या साऱ्या कथेत पुन्हा पुन्हा दिसतो.

९/
आता यंत्राकडे. यंत्र आणि बुद्धिबळ यांची पहिली प्रसिद्ध भेट ही शुद्ध लबाडी होती. वोल्फगांग फॉन केंपेलेन याने ऑस्ट्रियाच्या सम्राज्ञी मारिया थेरेसापुढे १७७० मध्ये एक खेळणारा ‘तुर्क’ सादर केला. पेटीवर बसलेला, पागोटेधारी लाकडी पुतळा. आत चाके, दात्या, आणि त्यांच्या आड दडून बसलेला जिवंत खेळाडू. १८०९ मध्ये नेपोलियनही त्याच्याशी खेळून हरला. यंत्रात माणूस लपला आहे ही शंका तेव्हापासूनची. ती लक्षात ठेवावी, पुढे उपयोगी पडेल.

१०/
खऱ्या यंत्राचा पाया क्लॉड शॅनन यांनी १९५० मधील एका निबंधात घातला. त्यांचे गणित असे: एका सर्वसाधारण स्थितीत तीसेक कायदेशीर चाली असतात, त्यामुळे काही खेळ्यांतच शक्यतांचा डोंगर होतो. संभाव्य डावांची संख्या त्यांनी एकावर १२० शून्ये इतकी अंदाजली. सगळे तपासणे अशक्य. मग दोनच वाटा उरतात. ठरावीक खोलीपर्यंत झाडून सगळ्या चाली तपासायच्या, किंवा माणसाप्रमाणे मोजक्या आशादायक चाली निवडून त्यांच्यातच खोल जायचे. दुसरी वाट मोहक होती. पण ‘आशादायक’ म्हणजे काय हे यंत्राला कोणी आणि कसे सांगावे? पुढची चार दशके मुख्यतः पहिल्या वाटेने गेली. गती वाढली, की खोली वाढे.

११/
त्या वाटेची परिसीमा म्हणजे ‘डीप ब्लू’. सेकंदाला सुमारे वीस कोटी स्थिती तपासणाऱ्या या संगणकाने मे १९९७ मध्ये न्यूयॉर्क येथे गॅरी कास्पारोव्ह यांना साडेतीन विरुद्ध अडीच गुणांनी हरवले. सामना सर्वांना ठाऊक आहे. त्यातील दोन खेळ्यांची हकीकत मात्र आपल्या विषयाच्या मुळाशी जाते.

१२/
पहिल्या डावात, हरलेल्या स्थितीत, चव्वेचाळिसाव्या खेळीला यंत्राने हत्तीची एक विचित्र, निरुद्देश चाल केली. कास्पारोव्ह तो डाव जिंकले, पण ती चाल त्यांना छळत राहिली: या यंत्राला असे काय खोलवर दिसले असेल? डीप ब्लूच्या निर्मात्यांपैकी मरे कॅम्पबेल यांनी पंधराएक वर्षांनी नेट सिल्व्हर या लेखकाला खुलासा केला. प्रोग्राममध्ये दोष होता. पर्याय ठरवता न आल्याने यंत्राने हाताला लागेल ती चाल खेळून टाकली. जिच्यात प्रतिस्पर्ध्याला अथांग बुद्धी दिसली ती प्रत्यक्षात एक बिघाड होता.

१३/
दुसऱ्या डावात याच्या नेमके उलट झाले. यंत्राला वजीर आत घुसवून प्यादी लुटण्याची संधी होती. त्या काळचे कोणतेही यंत्र हावरेपणाने ती घेईल, अशी सर्वांची खात्री होती. डीप ब्लूने ती सोडली, आधी प्याद्यांची एक अदलाबदल केली आणि मग उंट मध्यभागी आणून कास्पारोव्ह यांचा प्रतिहल्ल्याचा शेवटचा मार्ग बंद केला. ही तर अनुभवी ग्रँडमास्टरची संयमी खेळी! कास्पारोव्ह यांनी माणसाच्या हस्तक्षेपाचा संशय उघडपणे व्यक्त केला. केंपेलेनच्या तुर्कातला माणूस दोनशे सत्तावीस वर्षांनी पुन्हा पेटीत दिसू लागला. त्यातही गंमत अशी की, कास्पारोव्ह यांनी ज्या स्थितीत डाव सोडला, तिथे सततच्या शहांनी बरोबरी साधता आली असती असे नंतर संगणकाच्याच मदतीने आढळले. संशय आणि धसका यांनी ती त्यांना पाहू दिली नाही.

१४/
मग प्रश्न उलट बाजूने: माणसाने शोधलेली आणि यंत्राला न सापडलेली खेळी कोणती? अभ्यासक बहुतेक वेळा एकच उदाहरण प्रथम देतात, आणि ते खरोखर दीर्घकाळ पाहत बसावे असे आहे. स्पेनमधील लिनारेस, १९९८. व्हेसेलिन टोपालोव्ह विरुद्ध अलेक्सेई शिरोव्ह. डाव अखेरच्या टप्प्यात. दोघांकडे एकेक उंट, पण विरुद्ध रंगांच्या घरांवरचे. काळ्याची, म्हणजे शिरोव्ह यांची, प्यादी जास्त आहेत. तरीही अशा स्थितीत बरोबरी हा अंगवळणी पडलेला निकाल असतो, कारण ज्या रंगाच्या घरांवर एकाचा उंट पहारा देतो तिथे दुसऱ्याचा पोचूच शकत नाही.

१५/
शिरोव्ह यांना आपला राजा पांढऱ्या राजाआधी पटाच्या मध्यात न्यायचा होता. वाटेत अडथळा होता तो त्यांचाच उंट. तो बाजूला सारायला एक खेळी खर्च झाली असती, आणि तेवढ्यात पांढरा राजा येऊन नाके अडवून बसला असता. सत्तेचाळिसाव्या खेळीला शिरोव्ह यांनी उंट उचलला आणि तो एच ३ या घरात, सरळ पांढऱ्या प्याद्याच्या तोंडी ठेवला. उंट फुकट. मोबदल्यात वरवर काहीच नाही. पण प्याद्याने तो घेतला तर काळ्या राजाला आवश्यक तेवढा एका खेळीचा अवकाश मिळतो. आणि उंट न घेता पांढरा राजा पुढे सरकला, तर उंट ते प्यादेच खातो. राजाला मागे वळून त्याला मारावे लागते आणि वेळ पुन्हा जातो. टोपालोव्ह यांनी उंट घेतला. सहा खेळ्यांनंतर त्यांनी डाव सोडला.

१६/
त्या काळच्या इंजिनांना ही खेळी दिसली नाही. कारण समजण्यासारखे आहे. वेळ वाचवण्यासाठी प्रोग्राम शक्यतांच्या झाडाची छाटणी करतात. एखाद्या फांदीवर मोहरे फुकट जाते आणि पुढच्या काही खेळ्यांत भरपाई दिसत नाही, तर ती फांदी छाटली जाते. शिरोव्ह यांच्या उंटाची भरपाई त्या मर्यादेपलीकडे होती: राजाची लांबची चाल, मग प्याद्यांची धाव. शिरोव्ह यांनी मात्र शक्यता मोजायला सुरुवात केलीच नसावी. त्यांना आधी हवी ती जागा दिसली, मग तिथे पोचायला काय आड येते ते दिसले, आणि ते आड येणारे मोहरे आपले असले तरी टाकून देता येते हे दिसले. हा तर्क शेवटाकडून सुरुवातीकडे जातो. प्याद्याने मात करण्याच्या देशी कूटप्रश्नाचीही रीत हीच: राजा कोणत्या घरात मरणार हे आधी ठरवायचे, मग मागे यायचे.

१७/
पण ‘यंत्राला सापडत नाही’ ही फुशारकी टिकली नाही. आजची इंजिने पुरेसा वेळ दिला की हीच खेळी दाखवतात. यंत्राला न सापडणाऱ्या खेळ्यांची यादी दर काही वर्षांनी आखूड होत आली आहे. यंत्राच्या मर्यादेवर ज्यांनी मानवी प्रतिभेची व्याख्या उभारली, त्यांची व्याख्याही दरवेळी त्या यादीबरोबर आखडली. इतिहासाच्या अभ्यासकाने या सापळ्यात पडू नये.

१८/
अधिक अस्वस्थ करणारी गोष्ट निराळीच आहे. यंत्र थोर खेळ्या शोधते, त्याचबरोबर त्या चुकीच्या होत्या हेही दाखवते. नेदरलँड्समधील वाइक आन झी येथे जानेवारी १९९९ मध्ये कास्पारोव्ह यांनी टोपालोव्ह यांच्याविरुद्ध चोविसाव्या खेळीला हत्तीचा जो बळी दिला, तो विसाव्या शतकातील सर्वांत गाजलेल्या बळींपैकी एक. काळ्या राजाला त्यांनी पटाच्या एका टोकाकडून दुसऱ्या टोकापर्यंत पळवत नेले. पण टोपालोव्ह यांनी तो हत्ती घेतलाच नसता, राजा शांतपणे एक घर पुढे सरकवला असता, तर डाव जवळजवळ समतोल राहिला असता असे विश्लेषण सांगते. मिखाईल ताल यांचे तर कितीतरी बळी आज इंजिनाच्या परीक्षेत नापास होतात.

१९/
म्हणून ते डाव कमी थोर ठरतात काय? इंजिन देते तो निकाल कालातीत असतो: सर्वोत्तम बचाव केला तर काय होईल. बुद्धिबळाचा डाव मात्र काळात घडतो. समोर घड्याळ चालू असते, समोरचा माणूस दमलेला असतो, त्याचा हात थरथरत असतो. ताल यांचा बळी हा विशिष्ट संध्याकाळी, विशिष्ट माणसाला विचारलेला प्रश्न होता आणि त्या माणसाला वेळेत उत्तर आले नाही. पानिपतावर भाऊसाहेबांनी काय करायला हवे होते हे नकाशा पसरून सांगणे आणि १४ जानेवारी १७६१ च्या दुपारी हत्तीवर बसून ठरवणे यांत जे अंतर, तेच इथेही आहे.

२०/
२०१७ च्या डिसेंबरात गोष्ट पुन्हा पालटली. ‘अल्फाझीरो’ या प्रोग्रामला फक्त नियम शिकवले गेले. माणसांचे डाव दिले नाहीत, मोहऱ्यांची किंमतही सांगितली नाही. तो स्वतःशीच खेळत राहिला आणि काही तासांत त्या वेळच्या अव्वल ‘स्टॉकफिश’ इंजिनाच्या पुढे गेला. लक्षणीय गोष्ट ही की स्टॉकफिश सेकंदाला सुमारे सात कोटी स्थिती तपासत असे. अल्फाझीरो केवळ ऐंशी हजार. म्हणजे शॅनन यांची सोडून दिलेली दुसरी वाट! कुठे पाहायचे हे आधी ओळखायचे, मग खोल पाहायचे. हे यंत्र प्यादी सहज सोडून देई, हत्तीपुढचे प्यादे शत्रूच्या राजाच्या अंगणात घुसवून ठेवी, आणि त्या बळींची भरपाई वीसेक खेळ्यांनी दिसू लागे. ग्रँडमास्टरांनी त्या डावांना जी विशेषणे लावली, ती त्याआधी फक्त माणसांच्या डावांना लावली जात.

२१/
पुढे स्टॉकफिशनेही २०२० मध्ये मूल्यमापनासाठी चेतापेशींच्या धर्तीवरचे जाळे स्वीकारले. अल्फाझीरोच्या निर्मात्यांनी तर एक सुरेख प्रयोग केला. या यंत्राच्या अंतर्गत विचारातून, माणसांच्या डावांत न आढळणाऱ्या काही कल्पना वेगळ्या काढल्या आणि त्यांवर बेतलेल्या स्थिती चार अव्वल ग्रँडमास्टरांपुढे ठेवल्या. नमुने अभ्यासल्यावर त्या चौघांनाही तशाच नव्या स्थिती पूर्वीपेक्षा चांगल्या सोडवता आल्या. माणसाची खेळी यंत्राला सापडते का, या प्रश्नाची दिशाच इथे उलटते. आता यंत्राची खेळी माणूस शिकू लागला आहे, आणि पद्धत तीच आहे जी १८१४ च्या पुस्तकाची होती: बिकट स्थिती, तिची उकल, पुन्हा सराव.

२२/
एक जुना कूटप्रश्न इथे आठवतो. १८४५ मध्ये लंडनच्या एका बुद्धिबळ मासिकात ‘शागीर्द’ या टोपणनावाने दिल्लीहून आलेली चार खेळ्यांची मात छापली गेली. रचनाकार होते कंपनी सरकारच्या चाकरीतील धर्मोपदेशक हेन्री लव्हडे. उकल अशी: पांढऱ्याने आपला उंट दूर कोपऱ्याकडे मागे न्यायचा, त्याच्या वाटेत आपलाच हत्ती आडवा आणून काळ्या राजाला जरा मोकळे करायचे, आणि मग हत्ती हलवून मात करायची. विलायतेतील जाणकार बुचकळ्यात पडले. ‘इंडियन प्रॉब्लेम’ या नावाने तो जगभर ओळखला जातो. आजचे इंजिन तो पापणी लवण्याआधी सोडवते. पण मूळ रचनेत खेळ्यांचे इतरही काही क्रम चालतात, आणि यंत्राच्या लेखी ते सगळे समान आहेत. त्यांतील एक क्रम ही एक नवी कल्पना होती आणि तिने कूटप्रश्नांची एक शाखा जन्माला घातली, हे ओळखायला १८४५ च्या आधी काय होते आणि नंतर काय झाले हे ठाऊक असावे लागते.

२३/
महाराष्ट्रात हे स्थित्यंतर दोन पिढ्यांत घडले. वासंती, जयश्री आणि रोहिणी या खाडिलकर भगिनींनी १९७० च्या दशकात महिलांच्या राष्ट्रीय स्पर्धेवर ठसा उमटवला तेव्हा संगणक कोणाच्या घरात नव्हता. रोहिणी खाडिलकर १९७६ मध्ये पुरुषांच्या राष्ट्रीय स्पर्धेत उतरल्या. त्यावरून वादंग झाले आणि ते जागतिक महासंघाचे अध्यक्ष मॅक्स युवे यांच्यापर्यंत पोचले. तेव्हाचा प्रश्न ‘बाईला अशी खेळी सापडेल का’ असा होता. ‘यंत्राला सापडेल का’ हा प्रश्न त्यानंतरचा. दोन्हींत एक साम्य आहे. खेळी पटावर समोर पडलेली असतानाही वाद ती कोणी केली यावरच होतो.

२४/
प्रवीण ठिपसे १९९७ मध्ये ग्रँडमास्टर झाले, ज्या वर्षी डीप ब्लू जिंकला त्याच वर्षी. पुण्याचे अभिजित कुंटे २००० मध्ये झाले. २०२४ मध्ये बुडापेस्टच्या ऑलिंपियाडमध्ये सुवर्णपदक जिंकणाऱ्या भारतीय महिला संघाचे कर्णधार कुंटे होते. त्याच संघातील नागपूरच्या दिव्या देशमुखने वैयक्तिक सुवर्णही मिळवले आणि पुढच्या जुलैत बातुमी येथे विश्वचषक जिंकून ग्रँडमास्टर किताबही. या पिढीने खेळ शिकतानाच इंजिन पाहिले आहे. प्रत्येक डावानंतर एक निर्विकार आकडा सांगतो, तुझी ही कल्पना चूक होती.

२५/
याचे परिणाम पटावर दिसतात. टोरांटो येथे २०२४ च्या कँडिडेट्स स्पर्धेत दुसऱ्या फेरीत नाशिकच्या विदित गुजराथीने काळी मोहरी घेऊन हिकारू नाकामुराविरुद्ध सुरुवातीच्या टप्प्यातच उंटाचा बळी दिला आणि डाव जिंकला. उंट त्याच एच ३ घरात! शिरोव्ह यांच्या १९९८ च्या खेळीबद्दल कोणीही विचारले नव्हते की ही घरून आणली की पटावर सुचली. आज अशी चाल पडली की पहिला प्रश्न तोच असतो. आणि त्याचे उत्तर काहीही असले तरी काम माणसाचे उरतेच: इंजिनाने सुचवलेल्या शंभर चालींतून समोरच्या माणसाला नेमकी कोणती झोंबेल हे निवडणे, आणि तयारी संपल्यावर अनोळखी स्थितीत एकट्याने डाव शेवटास नेणे.

२६/
संशयाची दिशाही उलटली. १७७० मध्ये आणि १९९७ मध्ये यंत्रात लपलेला माणूस शोधला जात होता. आता माणसात लपलेले यंत्र शोधले जाते. मोठ्या स्पर्धांत खेळाडूंची झडती होते, अनेक ठिकाणी थेट प्रक्षेपण मुद्दाम काही मिनिटे उशिरा दाखवतात. अमेरिकी संगणकशास्त्रज्ञ केनेथ रेगन यांनी खेळाडूच्या चाली इंजिनाच्या पसंतीशी किती जुळतात हे मोजण्याची संख्याशास्त्रीय पद्धत उभारली आहे. फार जुळल्या तर चौकशी. अशा हिशेबात ताल यांचा सदोष बळी बिनधोक पार पडतो. संशयाचे वलय येते ते अचूक प्रतिभेभोवती.

२७/
त्रिवेंगडाचार्यांच्या पुस्तकाचे नवे वाचक आज त्यातील स्थिती इंजिनात घालून पाहू शकतात. पण स्थिती भरताना एक गोष्ट हाताने लिहावी लागते, कारण पटाच्या चित्रात ती दिसत नाही: मात कोणत्या मोहऱ्याने करायची आहे. ती ओळ वगळली, की इंजिन वजीर उचलते.